पाणंद, सायकल आणि माझा सरकवलेला बांध



आज पिकाची नोंद नाही. आज वाटेची नोंद आहे, आणि ती थोडी माझ्याच विरोधात जाते. पण पानावर दुसऱ्यांच्या चुका लिहायच्या आणि आपली झाकायची, हे काही बरं नाही. म्हणून लिहितोय.

भात झोडून झालं होतं. हरभरा फुलावर आलेला. मंगळवारचा दिवस, सकाळचे नऊ-साडेनऊ. मी विहिरीवर मोटर चालू करायला गेलो तर बांधाला दोन सायकली टेकवलेल्या. मागं दोन्ही अंगाला पिशव्या, घोंगडीसारखं काहीतरी गुंडाळून बांधलेलं. एक साठीच्या ताई आणि त्यांचा भाचा. ताई कॉलेजात भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त. पुण्याहून निघालेले, पहिला मुक्काम नसरापूरला, बनेश्वराचं दर्शन घेऊन मार्गासनीला आलेले. पुढं वेल्हे, मग केळदपर्यंत जाणार होते.

मी म्हटलं, "ताई, शर्यत आहे का कुठली?" कारण जानेवारी 2026 मध्ये आपल्या जिल्ह्यात ती मोठी परदेशी खेळाडूंची सायकल शर्यत झाली, तेव्हापासून सायकल म्हटलं की लोकांना शर्यतच आठवते.

त्या हसल्या. "नाही हो दादा. आम्ही बघत बघत जाणारे. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर, बास. फक्त गाड्या नसलेली वाट पाहिजे."

पाणी प्यायले. मग ताई विहिरीत वाकून बघायला लागल्या. मला वाटलं पाणी किती ते बघतायत. तर त्या बघत होत्या दगड.

माझी विहीर बावन्न फूट. वर हातभर माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, आणि खाली साधारण पस्तीस फुटावर वीतभर तांबडा पट्टा. आम्ही त्याला गेरूचा थर म्हणतो. झरा त्याच्याच वर लागलाय. विहीर खणताना आबा म्हणायचे, तांबडं लागलं की पाणी जवळ. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

ताईंनी सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो. आपला हा सगळा मुलूख लाव्ह्याचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो बाहेर आला. एकदा नाही, थरावर थर. दोन थरांच्या मध्ये बराच काळ गेला की वरचा दगड कुजून माती व्हायची, आणि पुढचा लाव्हा आला की ती भाजून तांबडी व्हायची. बऱ्याच ठिकाणी हा तांबडा पट्टा म्हणजे तीच जुनी माती. ती चिकण, पाणी खाली जाऊ देत नाही. म्हणून पाणी तिच्यावर अडतं आणि आडवं वाहतं. विहिरीचा झरा काय आणि डोंगराच्या कुशीतलं पाणी काय, बऱ्याच वेळा हिशोब हाच.

मग त्यांनी समोर हात केला. तोरणा 1403 मीटर, आणि इकडं राजगड. "पायऱ्या दिसतात का दादा? कडा, मग उतार, परत कडा. कडा म्हणजे टणक थर, उतार म्हणजे ठिसूळ."

चोपन्न वर्षं मी त्या डोंगराखाली राबतोय. पायऱ्या रोज दिसत होत्या, पण कधी मोजल्या नव्हत्या. आपण उतारावर नाचणी, वरई करतो आणि तळाला भात, ते या पायऱ्यांमुळंच. माती उतरून खाली येते, पाणी मधेच फुटतं.

मग ताईंनी तो प्रश्न विचारला. "दादा, डांबरी सोडून, नदीच्या अंगानं साखरकडं जाणारी वाट नाही का?"

मी म्हटलं, "आहे की! बैलगाडीची पाणंद आहे. चला, दावतो."

गोठ्यातली माझी जुनी सायकल काढली, हवा मारली, निघालो. वाटेत बोलणं चालू. ताई स्पेन देशातल्या कॅटलोनियात सायकलवर फिरून आलेल्या. तिथं ओलोत नावाचं गाव आहे, भोवती सगळे विझलेले ज्वालामुखी. तिथून जिरोना शहरापर्यंत एक छोटी रेल्वे होती. ती 1969 साली बंद पडली. त्या लोकांनी रूळ काढले, पण वाट मोडली नाही. पन्नासेक किलोमीटरची सायकलची आणि चालायची वाट केली. मोटारीचा संबंध नाही. दोन्ही अंगाला शेतं आणि शेकडो वर्षांची दगडी गावं. लोक लांबून येतात, गावात जेवतात, मुक्काम करतात.

मी म्हटलं, "ताई, जुनं तर आमच्याकडंही कमी नाही." हे गुंजण मावळ. शिळीमकर देशमुखांचं वतन. पलीकडं कानद खोरं, मरळ देशमुखांचं. राजगड रायगडाच्या आधीची राजधानी, आणि 2025 साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांतला एक. केळदच्या पुढचा मढे घाट, तिथून तानाजी मालुसऱ्यांचा देह 1670 साली उमरठला नेला असं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. देशावरून कोकणात उतरायच्या ह्या वाटा. ओझ्याचे बैल चालले, पालख्या चालल्या, फौजा चालल्या. तेव्हा डांबर कुठं होतं? सगळा कारभार पाणंदीनंच झाला ना.

असं मी मोठ्या तोंडानं सांगत होतो, आणि तेवढ्यात वाट संपली.

म्हणजे पुरती संपली नाही. सोळा-सतरा फुटांची पाणंद चार फुटांवर आली. एका अंगाला घाणेरी आणि करवंदाची जाळी, दुसऱ्या अंगाला उंच बांध. पिशव्या बांधलेली सायकल पुढं जाईना. भाच्यानं पिशव्या सोडल्या, सायकल उचलली. ताई म्हणाल्या, "इथं वाट एवढी अरुंद कशी झाली हो?"

मी म्हटलं, "पावसानं तुटली असेल."

मंडळी, तो बांध माझा होता.

सोळा वर्षांपूर्वी खाचर सपाटीकरणाला जेसीबी आला होता. बैलगाडी आम्ही त्याच्या आदल्याच वर्षी मोडली होती आणि ट्रॅक्टर अजून वाडीत यायचा होता. पाणंदीत गवत माजलेलं. मला वाटलं, कुणाच्या उपयोगाची आहे? ड्रायव्हरला म्हटलं, बांध जरा तिकडं सरकव. पुढच्या वर्षी चुलतभावानं समोरच्या अंगानं सरकवला. मी सरकवला होता, त्याला काय तोंडानं बोलणार?

ताई आणि भाचा पुढं गेले. मी घरी आलो, पण जेवण गोड लागलं नाही. संध्याकाळी पेटीतला गावनकाशा काढला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नकाशात दोन तुटक रेघा असतील तर तो गाडीमार्ग, एकच तुटक रेघ असेल तर पायमार्ग. गाडीमार्ग साधारण साडेसोळा ते एकवीस फूट रुंद धरतात, पायमार्ग सव्वाआठ फूट. आमच्या पाणंदीला दोन रेघा होत्या, स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मोजलं. मी सहा फूट घेतले होते, लांबी दोनशे फूट. बाराशे चौरस फूट. गुंठा 1089 चौरस फुटांचा, म्हणजे गुंठ्याच्या थोडं वर. त्यात इंद्रायणी भात पंचेचाळीस किलोच्या आसपास. आजच्या भावानं तेरा-चौदाशे रुपये. बियाणं, खत, लावणी वजा करा. हातात काय राहिलं?

आता दुसरी बाजू मांडतो. पाणंदीच्या वरच्या टोकाला माझंच बारा गुंठ्यांचं खाचर आहे. तिथं ट्रॅक्टर जात नाही. दरवर्षी भात डोक्यावरनं खाली आणायला चार माणसं, एक दिवस. हजेरी पाचशे धरली तर दोन हजार झाले. शेणखताची ट्रॉली तिथं सोळा वर्षांत गेलेली नाही. नुसता युरिया टाकत आलो. जमीन चिकटली, उतारा पडला. कृषी सहायक साहेब दोनदा म्हणाले की सेंद्रिय कर्ब वाढवा. मी मान हलवली, पण खत जाणार कुठनं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वाट कुणी अडवली ते आलं असतं.

पंचेचाळीस किलो भातासाठी मी सोळा वर्षं स्वतःचंच खाचर उपाशी ठेवलं.

आणखी एक आहे, ते लिहायला जड जातंय. पुतण्याची पोरगी सातवीत आहे. सायकलवर शाळेत जायची, डांबरीनं. आठवडाभर आपला रस्ता निवांत असतो, पण शनिवार-रविवारी गडाकडं, घाटाकडं जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. शनिवारी सकाळची शाळा असते. गेल्या आषाढात एका गाडीचा धक्का तिच्या मागच्या चाकाला लागला. पोरगी गटारीत पडली. गुडघे सोलले, देवाची कृपा म्हणून तेवढ्यावर भागलं. गाडी थांबली नाही. तेव्हापासून तिची सायकल गोठ्यात टांगलेली आहे. मी त्या गाडीवाल्याला किती शिव्या दिल्या!

पण ही पाणंद आमच्या वाडीपासून नदीच्या कडेनं थेट शाळेच्या मागं निघते. मी आणि चुलता याच वाटेनं शाळेत गेलो. ती मोकळी असती तर पोरगी डांबरीवर गेलीच नसती.

मग मी ठरवलं. चुलतभावाकडं गेलो. म्हटलं, "तात्या, बांध मागं घ्यायचा का?"

तात्या म्हणाला, "आधी तू घे. सुरुवात तू केलीस."

खरंच बोलला. पंधरवड्यापूर्वी मी माझा बांध सहा फूट मागं घेतला. जेसीबीचे दोन तास माझ्या खिशातनं गेले. घाणेरी मुळासकट काढली. घरच्यांनी विचारलं, हे कुणासाठी? मी म्हटलं, शेणखतासाठी. तेही खोटं नाही. परवा वरच्या खाचरात दोन ट्रॉल्या खत पडलं. ड्रायव्हरनं एक चाक बांधावर चढवलं, पण गेला.

तात्यानं अजून सरकवलेला नाही. बघू म्हणतो. मी त्याला अर्जाची भीती घातलेली नाही. तरी माहिती म्हणून लिहितो. असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडं दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाटच नसेल तर जमीन महसूल अधिनियम 1966 चं कलम 143 आहे, बांधावरनं रस्ता मागता येतो. पाणंद पक्की करायला मातोश्री ग्रामसमृद्धी योजना 2021 साली सुरू झाली होती. पण योजना खडी टाकेल. बांध आपला आपणच मागं घ्यावा लागतो.

सायकलवाल्या मंडळींनाही दोन शब्द. या, जरूर या. भात निघाल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात पाणंदीत गुडघाभर चिखल असतो, तेव्हा नको. मधल्या वारी आलात तर डांबरीवरही शांतता मिळेल. उभ्या पिकातनं जाऊ नका, झाप उघडलात तर परत लावा, विहिरीवर पाणी मागा. कुणी नाही म्हणणार नाही. वेल्ह्याहून पाबे घाटानं खानापूरकडं उतरणार असाल तर चढ दमवणारा आहे, सकाळीच निघा.

ताईंचा नंबर माझ्याकडं नाही, घ्यायचा राहिला. त्या हे वाचत असतील तर ताई, तो बांध पावसानं तुटला नव्हता. परत आलात तर पिशव्या सोडाव्या लागणार नाहीत.

पोरीची सायकल काल गोठ्यातनं खाली काढली. मागचं चाक वाकडं आहे, नीट करायला टाकलंय.

मंडळी, आपापला गावनकाशा काढा आणि दोन तुटक रेघा कुठं जातात ते बघा. मग शिवारात जाऊन टेप लावा. तुमच्याकडं पाणंद किती फूट उरलीय, ते खाली लिहा. कुणी अडवली ते लिहू नका. आपण अडवली असेल तर मात्र जरूर लिहा.

राम राम.