चाणक्याचे हेर आणि चाहत्यांचे पुस्तक

चंद्रप्रकाश द्विवेदी यांनी लिहिलेली, दिग्दर्शित केलेली आणि नायक म्हणून स्वतःच उभी केलेली ‘चाणक्य’ ही ४७ भागांची मालिका दूरदर्शनवर सप्टेंबर १९९१ ते ऑगस्ट १९९२ या काळात दाखवली गेली. तिच्यावर आम्हां काही नाशिककर चाहत्यांनी एक पुस्तक लिहिण्याचे योजिले आहे. संपादन माझ्याकडे आले आणि पहिलाच प्रश्न अनुक्रमणिकेचा निघाला. भागवार लिहावे तर कथासार होते, पात्रवार लिहावे तर नायकस्तोत्र. राजकारण ज्यांच्या हालचालींवर चालते ते हेर दोन्ही रचनांत अदृश्यच राहतात.

म्हणून रचना ‘अर्थशास्त्रा’तूनच घेतली. र. पं. कंगले यांची मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती त्यासाठी आधाराला आहे. एका जागी राहून काम करणारे हेर पाच : कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस. संचारी चार : सत्री, तीक्ष्ण, रसद, भिक्षुकी. नऊ प्रकार, नऊ प्रकरणे. विद्यार्थी, शेतकरी, व्यापारी, तपस्वी अशा, समाज ज्यांना सहज दार उघडतो त्यांचेच वेश येथे घेतले जातात. हेरांची ही यादी म्हणजे एका समाजाच्या विश्वासस्थानांचीही यादी होय. ‘मुद्राराक्षसा’तील निपुणक यमपट घेऊन घरोघर हिंडतो आणि राक्षसाची मुद्रा चाणक्याकडे पोचवतो, तो याच विश्वासाच्या बळावर.

दुसरा प्रश्न स्मृतीचा. इतक्या वर्षांनी आठवणारा प्रसंग मालिकेतला किती आणि आपला किती? येथेही कौटिल्य उपयोगी पडला. परस्परांना न ओळखणाऱ्या तीन हेरांच्या वार्तेत एकवाक्यता असेल तर ती ग्राह्य मानावी, असे तो सांगतो. त्यानुसार लेखकांनी एकमेकांची टिपणे पाहू नयेत असे ठरले.

मात्र ही कसोटी घटनेपुरतीच चालते, अर्थापुरती नाही. मालिका आली तेव्हा ‘राष्ट्र’ या शब्दाभोवतीचे राजकारण तापलेले होते. आमच्यातील एका ज्येष्ठ स्नेह्यांना तिच्यातील हेर हा राष्ट्राचा जागता डोळा वाटतो. एका विद्यार्थिनीला तो घरात शिरलेली सत्ता वाटतो. ‘तिचा लेख राहणार असेल तर माझा काढून घ्या,’ असे त्यांनी कळवले आहे. वार्ता वारंवार विसंवादी ठरल्या तर कौटिल्य हेरांना गुपचूप दंड करतो किंवा दूर सारतो. राज्याला निर्णय हवा असतो. समीक्षेला तो विसंवादच हवा असतो. चाहत्यांच्या पुस्तकाने प्रेमापोटी तो मिटवला तर ते पुन्हा नायकस्तोत्रच होईल.

दोन्ही लेख ‘तापस’ या एकाच प्रकरणात शेजारी ठेवायचे, असे मी ठरवले आहे. स्नेह्यांना तसे पत्रही पाठवले आहे. त्यांचे उत्तर आल्यावाचून पुस्तक छापायला जाणार नाही.