सहधर्मचारिणी

परमुलखातून धर्मप्रसारासाठी आलेल्या पाद्र्यांविषयी आमच्या घरात गोडीने बोलण्याची चाल नव्हती. आजोबा भोरास याज्ञिकी करीत. पाद्री म्हणजे बाटविणारा, एवढेच त्यांचे मत. तेच वारशाने मजकडे आले. अशा घरात वाढलेल्या जुन्या शिक्षकाने एका पाद्र्याच्या पत्नीविषयी आदराने लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु तिच्या चरित्राने मला माझीच एक चूक दाखविली, आणि ती सांगितल्यावाचून आता राहवत नाही.

डॉ. जॉन विल्सन हे नाव मुंबईच्या विल्सन कॉलेजामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. हा स्कॉटिश पाद्री १८२९ च्या फेब्रुवारीत पत्नी मार्गारेट हिच्यासह मुंबईस उतरला. उतरताच उपदेश सुरू न करता दोघे कोकणात हर्णैस जाऊन राहिली आणि मराठी शिकू लागली. विल्सनांनी आपल्या धर्मावर कठोर टीका केली. मोरभट दांडेकरांशी त्यांचा झालेला वाद प्रसिद्धच आहे. ती टीका मला आजही मान्य नाही. तथापि मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीस ज्यांनी मराठी भाषेविषयी अभ्यासपूर्ण प्रस्तावना लिहिली, ते विल्सन हेच, हेही विसरून चालणार नाही.

पण माझे मन गुंतले ते मार्गारेटबाईंत. मुलगी अक्षर शिकली तर तिला वैधव्य येते, अशी समजूत घरोघरी असण्याचा तो काळ. त्या काळी या बाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि परक्या मुलींशी त्यांच्याच भाषेत बोलून त्यांना शिकविले. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले या दांपत्याने मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. जोतिरावांचे शिक्षणही स्कॉटिश मिशनच्याच शाळेत झाले होते. मार्गारेटबाईंना मात्र पुढचे काही पाहावयास मिळाले नाही. अवघ्या सहा वर्षांत, १८३५ च्या एप्रिलात, त्या मुंबईतच वारल्या. पतीने त्यांचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले. ही शेवटची गोष्ट वाचली आणि मी पुस्तक मिटून ठेवले.

याचे कारण असे. १९८३ साली माझी नेमणूक वेल्हे तालुक्यात, तोरण्याच्या पायथ्याच्या एका लहान गावी झाली. भोराहून अंतर फारसे नव्हे. पण पावसाळ्यात एस. टी. अलीकडेच थांबे आणि उरलेली वाट चिखलातून तुडवावी लागे. लग्नाला वर्ष झाले नव्हते. ‘त्या रानात सुनेला कशाला नेतोस?’ असे आई म्हणाली. तरी आमची मंडळी बरोबर आली. तिचे माहेर पुण्याच्या सदाशिव पेठेतले. मावळच्या त्या खोऱ्यात आम्ही दोघेही परकेच होतो.

मी मॅट्रिक झालेला, शिवाय संस्कृताचा अभिमानी. मुलगा ‘पानी’ म्हणाला की त्याच्याकडून दहा वेळा ‘पाणी’ म्हणवून घेई. परिणाम इतकाच झाला की मुले माझ्यासमोर बोलेनाशी झाली. इकडे हिने बायकांबरोबर भातलावणीच्या चिखलात उभे राहून राब कसा भाजतात, नाचणी केव्हा कापतात, हे त्यांच्याच बोलीत शिकून घेतले. धाकट्या भावंडांमुळे मुलींना शाळेत येता येत नाही, हे तिला तेथेच कळले. मला हजेरीपटात केवळ गैरहजेरी दिसे. तिने ती लेकरे आमच्या ओसरीवर सांभाळली आणि मुली वर्गात आल्या. संध्याकाळी दिव्याशी बसवून राहिलेला अभ्यासही तीच करवून घेई. पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी मुलींच्या संख्येविषयी उत्तम शेरा दिला. तो माझ्या नावावर पडला, आणि मी तो पडू दिला.

निवृत्तीच्या वेळी गावाने सत्कार केला. शाल आणि श्रीफळ घेऊन मी अर्धा तास बोललो. गुरुजन, अधिकारी, ग्रामस्थ, सर्वांचे आभार मानले. ती मागे बायकांत बसली होती; तिचे नाव माझ्या तोंडून निघाले नाही. सभा संपल्यावर एक म्हातारी पुढे आली. मला वाटले, नमस्कार करील. तिने विचारले, ‘गुरुजी, बाई कुठं हाईत?’ मी हाताने मागे दाखविले, आणि ती माझ्याकडे न पाहता तिकडे गेली.

ज्यांना शिकवावयाचे त्यांच्यापाशी आधी आपण शिकावे लागते. हा धडा त्या परदेशी दांपत्याला पहिल्याच वर्षी उमगला होता. आमच्या घरी तो एकटीला उमगला, आणि मानकरी मी ठरलो. विल्सनांनी निदान पत्नीचे चरित्र लिहिले. मला आभाराचे एक वाक्यही सुचले नाही.

पत्नीचे नाव चारचौघांत घेऊ नये, अशी आमच्या घरची जुनी रीत. म्हणून ते येथेही लिहीत नाही. पण हा अंक घरी येईल त्या दिवशी मुले, सुना, नातवंडे यांस ओसरीवर बसवून आणि तिला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून हा लेख मी मोठ्याने वाचणार आहे. आणि शेवटी सर्वांदेखत तिचे नाव घेणार आहे.