टाळूवरची शिवण

जीभ रिकामी असली की माझ्या टाळूवर जाऊन फिरते. मधोमध एक कडक रेघ लागते आणि दोन्ही बाजूंना, दाढांच्या आतल्या अंगाला, चिवट कातडीचे पट्टे. रेघ शिवणीची. पण माझ्या चेहऱ्याचं काय व्हायचं ते ठरवलं त्या पट्ट्यांनी.

मी जन्मले तेव्हा डावीकडे ओठ, हिरडी आणि टाळू आरपार दुभंगलेली होती. पोटात साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत टाळूचे दोन भाग मध्ये येऊन जुळतात. माझे जुळले नाहीत. दूध नाकातून यायचं. आईने मला उभं धरून बोंडल्याने पाजलं. ओठ काही महिन्यांची असताना शिवला, टाळू दीडेक वर्षाची असताना. टाळूची घाई असते ती बोलण्यासाठी. प, ब, क, ग म्हणायला तोंडात हवा कोंडावी लागते. भेग असली की ती नाकातून निसटते आणि मूल ‘बाबा’ म्हणायला जातं, तर ‘मामा’ ऐकू येतं.

भेग बुजवायला तिथे जादा कातडी नसते. म्हणून टाळूचं अस्तर हाडापासून सोडवून दोन्हीकडून मध्ये ओढतात. माझ्या वेळच्या पद्धतीत कडेचं हाड उघडं राही. तिथे व्रण भरतो, आणि व्रण आकसतो. कोवळ्या झाडाच्या बुंध्याला तार बांधून ठेवावी, तसं वरच्या जबड्याचं होतं. तो ना पुरेसा रुंद होतो, ना पुढे येतो. खालचा जबडा मात्र आपल्या गतीने वाढत राहतो.

लहानपणी यातलं काही दिसलं नाही. दुधाचे दात पडून नवे आले ते खालच्या दातांच्या मागे, आणि भेगेजवळचा एक आलाच नाही. वयात येताना उंची वाढली तशी तफावतही वाढली. घरात म्हणायचे, हनुवटी आत्याची घेतलीय. बिचाऱ्या आत्याचा काही संबंध नव्हता. हनुवटी जागच्या जागीच होती, गालांमधला भाग मागे राहिला होता. जबडा रुंद करायची प्लेट बसवली, आई रोज रात्री तिच्या स्क्रूला किल्ली द्यायची. जबडा पसरला, प्लेट निघाली आणि व्रणाने त्याला पुन्हा आत ओढलं. हल्ली कमरेचं हाड घेऊन हिरडीतली फट आठ ते अकराच्या वयात भरतात, म्हणजे सुळा त्या हाडातून खाली उतरतो. माझा सुळा त्याआधीच उतरून चुकला होता.

पुढे मायकेल मार्स या ब्रिटिश दंततज्ज्ञांचं श्रीलंकेतलं काम वाचलं. शस्त्रक्रिया न झालेल्या तिथल्या प्रौढांचे वरचे जबडे जवळजवळ नेहमीसारखे वाढलेले होते. म्हणजे जबडा खुंटला तो बऱ्याच अंशी भेगेमुळे नव्हे, शिवणीमुळे! ते वाचून मी चिडले. मग जर्मनीतल्या मारबुर्गची हकिगत वाचली. तिथे श्वेकेंडीक यांनी मऊ टाळू लवकर शिवली, पण कडक टाळूची भेग मुलं बारा-चौदा वर्षांची होईपर्यंत उघडी ठेवली. जबडे छान वाढले; बोलणं बिघडलं. चेहरा पुढे नेऊन दुरुस्त करता येतो, चुकीचं बसलेलं बोलणं फार अवघड. आईने घाई केली, तेच बरं झालं.

विशीत सर्जनने वरचा जबडा कापून पुढे आणण्याचं सुचवलं. लग्नाचे फोटो समोरूनच काढा, असा घरचा आग्रह होता, तेव्हा मोह झाला. पण जबड्याबरोबर मऊ टाळूही पुढे जाते. ती घशाच्या मागच्या भिंतीला पोचेनाशी झाली, तर आवाज पुन्हा नाकात जाऊ शकतो. नाकातून दुर्बीण घालून त्यांनी मला ‘पापा, काका’ म्हणायला लावलं. टाळू जेमतेम टेकत होती. मी मराठी शिकवते. नाही म्हटलं. पेरू सुरीने कापून खाते.

परवा वर्गातल्या एका मुलाची आई भेटली. धाकटीला तेच, टाळू शिवायची आहे. ‘बाई, ग्रहणात मी भाजी चिरली होती हो, म्हणून...’ मी म्हटलं, ‘माझ्या आईने तर ग्रहणभर अंथरुणावरून पाय खाली टाकला नव्हता. ते सोडा. टाळू वर्षाच्या आत-बाहेर शिवून घ्या, बोलणं शिकवणाऱ्यांकडे न्या आणि सहाव्या वर्षापासून दातांच्या डॉक्टरांना दाखवत राहा.’ तिने विचारलं, ‘किती दिवस?’

‘ती उंच व्हायची थांबेपर्यंत.’