माडाखालचं प्रेम

कोकणात जन्मलेला माणूस माडाखाली उभं राहण्याआधी एकदा वर बघतो. हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर घडणाऱ्या ज्या प्रेमकथा मी वाचल्या, त्यांतल्या एकाही नायकाने ही खबरदारी घेतलेली नाही. चांदण्यात, वाऱ्यावर माड झुलत असताना तो नायिकेचा हात हातात घेऊन बरोबर झाडाखाली उभा राहतो आणि पानभर बोलतो. एकाही कादंबरीत एकही नारळ पडत नाही. तेवढ्यावरून मी ओळखलं होतं, की लिहिणारी बाई माडाच्या गावची नाही.

माझा या साहित्याशी संबंध आला १९७१ साली. त्या वर्षी वेस्ट इंडीज आमच्या गिरगावातल्या चाळीत दोन वाटांनी शिरलं. माझ्याकडे वर्तमानपत्रातून आणि ताईकडे लायब्ररीतून. मी सोळा वर्षांचा. गावसकरने पहिल्याच मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा काढल्या आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या शेवटच्या कसोटीत दाढदुखी सोसत १२४ आणि २२० केल्या, हे मला तोंडपाठ होतं. जमेका, बार्बाडोस, गयाना ही माझ्या लेखी गावं नव्हतीच, ती मैदानं होती. तिथे अकरा माणसं राहतात, त्यांतली चार जोरात चेंडू टाकतात आणि बाकीची उरलेला वेळ फलंदाजी करतात, अशी माझी समजूत होती.

ताई वीस वर्षांची. तिच्या वेस्ट इंडीजमध्ये क्रिकेट नव्हतं. तिथे एक इंग्लिश नर्स बोटीतून उतरायची. धक्क्यावर पांढऱ्या सुटातला, कपाळाला आठी घातलेला उसाच्या मळ्याचा मालक भेटायचा. दीडशे पानं तो तिच्याशी तुसडेपणाने वागायचा आणि शेवटच्या दहा पानांत तो तुसडेपणा म्हणजेच प्रेम होतं असं निघायचं. (या हिशोबाने आमचे अप्पा जगातले सर्वांत प्रेमळ गृहस्थ ठरले असते.) मिल्स अँड बूनची ही पुस्तकं ताई ‘इंग्रजी सुधारण्यासाठी’ वाचायची, आणि तिचं इंग्रजी रात्री साडेअकरानंतर जास्त सुधारायचं.

मधूनमधून ती रहस्यकथाही आणी. अगाथा ख्रिस्तीची ‘अ कॅरिबियन मिस्टरी’ ही १९६४ सालची कादंबरी मी तिच्याच उशीखालून काढून वाचली. न्यूमोनियातून उठलेल्या मिस मार्पलला भाचा हवापालटासाठी बेटावर पाठवतो. तिथे एक बडबड्या मेजर तिला खुन्याचा फोटो दाखवू लागतो, दाखवता दाखवता थबकतो, आणि दुसऱ्या दिवशी मरून पडतो. कथा झकास. पण ते सेंट ओनोरे नावाचं बेट मी शाळेच्या नकाशावर भिंग लावून शोधलं. सापडलं नाही. बाईंनी ते बनवलेलंच होतं! पाहुण्यांच्या सोयीसाठी अख्खं बेट बनवायचं, म्हणजे यजमानांची अडचण नको.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती आजवर कोणाला सांगितलेली नाही.

एकदा ताईने मला मॅटिनीला पैसे दिले नाहीत. मी चिडून अप्पांना म्हणालो, “ताईच्या उशीखाली काय आहे बघा.” अप्पांनी बघितलं. मुखपृष्ठावर माड, समुद्र आणि त्यांच्या पुढे एकमेकांच्या फार जवळ उभी असलेली दोन माणसं. अप्पा ओरडले नाहीत. फक्त खोकले. आमच्या घरात तो खोकला म्हणजे हायकोर्टाचा निकाल. तीन महिन्यांत ताईचं लग्न झालं, वेंगुर्ल्याच्या बाजूला, दीडशे माड असलेल्या घरात. तिला समुद्र मिळाला, चांदणं मिळालं, झुलणारे माडही मिळाले. फक्त त्या माडांना पाणी घालायचं काम कादंबरीत लिहिलेलं नव्हतं.

यानंतर पन्नासएक वर्षं मी कॅरिबियन बेटांकडे क्रिकेटपुरतंच बघितलं. गेल्या वर्षी नातीच्या टेबलावर एक पुस्तक दिसलं. ‘ग्रीन डेज बाय द रिव्हर’. मी मुखपृष्ठ बघून खोकलो. नात म्हणाली, “आजोबा, सिरप घ्या.” काळ किती बदलला आहे!

“कसलं पुस्तक?”

“यंग अ‍ॅडल्ट.”

“म्हणजे?”

“धड लहान नाहीत, धड मोठे नाहीत, अशांसाठी.”

म्हणजे माझ्यासाठीच की! मी ते रात्रीत वाचून काढलं, इंग्रजी सुधारण्यासाठी.

मायकेल अँथनी हा लेखक त्रिनिदादच्या मायारो गावचा. कादंबरी १९६७ सालची, म्हणजे ताई ज्या वेळी त्या नर्सबरोबर बोटीतून उतरत होती, त्या वेळी हे पुस्तक जगात होतं. पण आमच्या लायब्ररीच्या फळीवर ते कधी दिसलं नाही. यात पांढरा सुट नाही. शेल नावाचा पंधरा वर्षांचा पोरगा आहे, त्याचा आजारी बाप आहे, आणि पोराची घालमेल दोन मुलींत चालली आहे. शेजारी गिधारी नावाचे गृहस्थ. गिधारी म्हणजे आपला गिरिधारी हो! १८४५ साली ‘फतेल रझाक’ जहाजातून उसाच्या मळ्यांवर करारावर राबायला माणसं त्रिनिदादला पोचली, आणि पुढे सत्तर-बहात्तर वर्षं अशी जहाजं जात राहिली. बहुतेक लोक भोजपुरी मुलखातले. ऊस नर्सबाईच्या कादंबरीतही होता, पण तो तोडणारी माणसं त्यात नव्हती. ती इथे भेटली. त्यांच्या घरांत बापाच्या आईला ‘आजी’ म्हणतात हे कळलं, तेव्हा मी नातीकडे अशा ऐटीत पाहिलं, जणू तो शब्द मीच जहाजावर चढवून दिला होता.

या गिधारीच्या मनात शेलला जावई करून घ्यायचं असतं. पोरगा दुसरीकडे पाघळतोय असा संशय येताच तो मळ्यात त्याच्यावर आपले कुत्रे सोडतो. फोडून काढतात ते त्याला. मग लग्न ठरतं. गिधारी वर पुन्हा गोडच बोलतो.

ते पान वाचून मी पुस्तक मिटलं. आमच्या अप्पांना कुत्रे लागले नव्हते. एका खोकल्यात काम झालं होतं. आणि वास काढत उशीपर्यंत गेलेला कुत्रा कोण, हे मला ठाऊक होतं.

दिवाळीनंतर मी वेंगुर्ल्याला गेलो. बरोबर दोन पुस्तकं नेली. एक हे, आणि दुसरं त्रिनिदादमध्येच जन्मलेल्या ट्रेसी बॅप्टिस्टचं ‘द जंबीज’, २०१५ सालचं. त्यात तिथली भुतं आहेत. ताईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून खळ्यात बसून मीच वाचून, मराठी करून सांगू लागलो. मध्येच तिला माहिती पुरवली, की अख्खं त्रिनिदाद आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा जरा लहानच आहे. “तरी एवढे बॉलर?” ताई म्हणाली. तिकडे उलट्या पायांची पोरं रानात वाट चुकवतात, हे ऐकून ती म्हणाली, “मग त्यात काय? आपल्या हडळीचेही पाय उलटेच.” मग मी सुकूयाँ सांगितली. ही म्हातारी रात्री कातडं उतरवून आगीचा लोळ होऊन उडते आणि रक्त पिते. तिला अडवायचं तर वाटेत तांदूळ टाकायचे. दाणा न् दाणा मोजल्याशिवाय तिला पुढे जाता येत नाही. मोजता मोजता उजाडतं.

ताई सुपातले तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

“म्हणजे तिचंही लग्न झालेलं दिसतंय,” ती म्हणाली.

मी हसलो नाही. मला हसता आलं नाही. मी गिधारीचे कुत्रे, उशी, मॅटिनी, अप्पा, सगळं एका दमात सांगून टाकलं. पन्नास वर्षं पोटात ठेवलेलं पाप बाहेर पडायला दोन मिनिटं पुरली.

ताई सूप पाखडत राहिली. मग म्हणाली, “ठाऊक होतं मला. उशीखालचं पुस्तक उलटं ठेवलेलं असायचं तुझं वाचून झाल्यावर. चोरी करायची तरी नीट करावी.”

“रागावली नाहीस?”

“रागावले होते की. दहा वर्षं. मग माड धरले, वेळ होईना.” थोडं थांबून तिने विचारलं, “त्या नर्सचं पुढे काय झालं रे? शेवटची दहा पानं राहिली होती माझी. अप्पांनी पुस्तक परत दिलंच नाही.”

मला तो शेवट ठाऊक होता. सगळ्याच पुस्तकांचा तोच होता. मी खुर्ची जरा सावलीत ओढली, घसा साफ केला आणि सांगायला लागणार, तोच ताई म्हणाली, “अरे, आधी वर बघ!”

मी वर बघितलं. बरोबर डोक्यावर एक पिकला नारळ लोंबत होता.


खुर्ची हलवली. मग त्या दोघांना चांदण्यात नेऊन उभं केलं, पण माडापासून चार हात लांब.