काळ्या टाकीचं ठिगळ

फुटलेली प्लास्टिकची बादली तुम्ही कधी चिकटवून पाहिली आहे? घरात असेल तो डिंक लावा, नाहीतर दुकानातलं महागडं चिकटद्रव्य आणा. वाळेपर्यंत छान धरून बसतं आणि बादली भरून उचलली की केळीच्या सालीसारखं सुटून येतं!

अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही ना, तसाच प्रकार. अशा बादल्या बहुतेक पॉलिथीनच्या, नाहीतर त्याच्या एखाद्या भावंडाच्या असतात. पॉलिथीन आणि मेणबत्तीचं मेण हे एकाच घराण्यातले. दोघंही कार्बन आणि हायड्रोजनच्या साखळ्यांचे बनलेले. मेणाच्या साखळ्या आखूड, पॉलिथीनच्या खूप लांब. १९३३ साली इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञ भलताच प्रयोग करत होते, तेव्हा भांड्यात हा पांढरा मेणचट पदार्थ सापडला. मेणाला कधी काही चिकटतं का? याला जोडायचं तर वितळवूनच जोडावं लागतं.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिलं ते भाच्याच्या होडीमुळे.

माझा भाचा रायगड जिल्ह्यात कोलाडला, कुंडलिका नदीवर कयाक चालवायला शिकला. कयाक म्हणजे एका माणसापुरती, दोन्ही टोकांना निमुळती, वरून बंद होडी. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटलं की कुंडलिका खडकांवरून फेसाळत धावते. तिथे लाकडी होडीचा चुराडा व्हायचा. प्लास्टिकची होडी मात्र आपटते, पोचा येतो, पुन्हा फुगून सरळ होते. पण तिलाही मर्यादा आहेच. भाच्याने तिथून जुनी होडी स्वस्तात आणली, लालभडक. बैठकीच्या खाली वीतभर लांब चीर! नागपुरात असं खळाळतं पाणी कुठलं म्हणा! आमच्या नाग नदीबद्दल तर न बोललेलंच बरं. पण पोट्टं हट्टी. "मामा, दुरुस्त करून पुन्हा कोलाडला नेतो," म्हणाला.

आमच्या गल्लीत एक चाचा यायचे. सायकलला शेगडी आणि लोखंडी सळया बांधलेल्या. बादल्या, टब, टाक्या सांधून द्यायचे. होडी पाहून त्यांनी मान हलवली.

"गुरुजी, बाल्टी फूटी तो फर्श गीला होगा. ये फूटी तो बच्चा डूबेगा."

आणि सायकल वळवली. मला ते फार आवडलं. पैसे मिळत असताना नाही म्हणणारा कारागीर रोज भेटत नाही. चहा पाजला तेव्हा कुठे "देखते हैं" म्हणाले.

आधी त्यांनी होडीची पाठ नखाने खरवडली. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटतात, ते पांढुरकं, ठिसूळ होतं. असं सडलेलं प्लास्टिक सांधलं तर शेजारीच नवी चीर पडते. नखाला भुकटी लागली नाही. मग कडेला, दिसणार नाही अशा जागी त्यांनी तापली सळई टेकवली. प्लास्टिक तुपासारखं पाघळलं. मेणबत्तीचा वास आला. चाचा खूश! काही होड्यांचं पॉलिथीन आतून आडवंतिडवं विणलेलं असतं. ते उकडलेल्या अंड्यासारखं, पुन्हा पातळ होतच नाही. तशी होडी सळईने सांधता येत नाही.

आता खरी गंमत. चाचांनी चीर बुजवण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना एकेक भोक पाडलं! भाचा ओरडलाच. पण फाटलेलं कापड आठवा. जरा ओढलं की फाट पुढे धावते, कारण सगळा ताण त्या टोकदार टोकावर येतो. टोक गोल केलं की ताण पसरतो आणि चीर थांबते. मग चिरेच्या दोन्ही कडा उतरत्या कापून चर केला. भरायला फुटक्या काळ्या पाण्याच्या टाकीच्या पट्ट्या घेतल्या. टाकी आणि कयाक या सख्ख्या बहिणीच. साच्यात पॉलिथीनची भुकटी घालून, साचा तापवत फिरवत फिरवत दोघींना घडवतात.

चराला चकाकी आली की पट्टी दाबायची. कमी तापलं तर पट्टी नुसती वर बसते, जास्त तापलं तर जळते. चाचांकडे तापमापक नव्हता, नजर होती. (घरी करून पाहू नका, धूर वाईट असतो. आम्हीही अंगणात वाऱ्याकडे पाठ करून बसलो होतो.) लवकर थंड व्हावं म्हणून भाच्याने पाण्याचा तांब्या उचलला, तो चाचांनी काढून घेतला. "अपने आप ठंडा होने दो."

रात्रभर होडी पाण्याने भरून विटांवर ठेवली, खाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी कागद कोरडा होता! भाचा तर नाचायलाच लागला.

चाचा मात्र सांध्यावर अंगठा दाबत राहिले. सांधा कितीही चांगला झाला तरी मूळच्या इतका मजबूत नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. तलावात, काठाजवळ, लाइफ जॅकेट घालून चालवायची. खडकाच्या पाण्यात नाही. भाच्याने खूप वाद घातला, पण पैसे घ्यायच्या आधी चाचांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

पुढे होडी कुणाच्या हाती गेली तर त्यालाही कळावं, म्हणून मी सांध्याशेजारी रंगाने लिहायला बसलो. चाचा हसले. रंग तरी मेणावर कुठला टिकायला! मग त्यांनी सळई पुन्हा तापवली, मी सांगत गेलो आणि त्यांनी एकेक अक्षर डागून काढलं: 'खडकाळ पाण्यात नेऊ नये.'