‘नक्की पाठवतो हं!’

हरिश्चंद्रगडावर गेलं की तीन फोटो ठरलेले. केदारेश्वराच्या गुहेतलं गारेगार पाण्यातलं शिवलिंग आणि चारांपैकी शाबूत राहिलेला तो एकमेव खांब. संध्याकाळचा कोकणकडा. आणि चुलीपुढे भाकऱ्या थापणाऱ्या मावशी. पहिले दोन रविवारी रात्रीच सगळ्या ग्रुप्सवर झळकतात. तिसरा? ‘‘मावशी, नक्की पाठवतो हं!’’ असं म्हणून आपण पाचनईची वाट उतरतो आणि कसारा घाटातल्या ट्रॅफिकमध्ये ते साफ विसरून जातो.

यंदा मात्र मी पकडला गेलो. झोपडीत सॅक टेकवली, पिठलं-भाकरी पुढे आली आणि वाढता वाढता मावशींनी विचारलं, ‘‘दादा, मागल्या साली आमच्या म्हातारीचा फोटो काढला व्हता ना तुम्ही? ती गेली दिवाळीत. दुसरा फोटोच न्हाई तिचा.’’

घास तोंडातच राहिला. फोटो होता, पण मुंबईत, घरच्या हार्ड डिस्कवर. कॅमेऱ्यातलं कार्ड कधीच फॉरमॅट केलेलं. फोनवर घेतला होता फक्त कोकणकडा. मिरवायचं होतं ते तेवढंच ना!

तेव्हाच ठरवलं, आता ‘पाठवतो’ बंद. मावशींचा आणि त्यांच्या मुलाचा चुलीपाशी छानसा फोटो काढला आणि तिथेच द्यायला बसलो. माझ्या फोनला रेंज शून्य. पण गंमत म्हणजे या कामाला रेंज लागतच नाही! हल्लीचे बरेच कॅमेरे स्वतःचं छोटंसं वाय-फाय सुरू करतात. कॅमेरा कंपनीचं अ‍ॅप घरूनच फोनवर टाकून न्यायचं आणि फोन त्या वाय-फायला जोडायचा, बस्स. ‘इंटरनेट नाही’ म्हणून फोन कुरकुरतो, कधी कधी जोडणी सोडूनही देतो. अशा वेळी मोबाइल डेटा बंद करून टाका. आणि जेपेगच घ्या. रॉ फाइल्स जड असतात, त्या ओढेपर्यंत कॅमेऱ्याची बॅटरी जीव टाकते. फोटो माझ्या फोनवर आले, तिथून क्विक शेअरने मुलाच्या अँड्रॉइडवर. दुसरी भाकरी ताटात पडायच्या आत काम फत्ते! मावशींनी स्क्रीन दोनदा निरखून पाहिली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, ‘‘म्हातारीचा बी द्या बरं का.’’

रविवारी रात्री एक वाजता आंघोळही न करता हार्ड डिस्क उघडली. सापडला! नऊवारीतली आजी, कपाळावर हात धरून थेट कॅमेऱ्याकडे बघणारी. फोनवर घेतला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला. साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि हा तर मोठा होऊन भिंतीवर लागायचा होता.

एकच टिक. सोमवारी ऑफिसात, मीटिंगमध्येसुद्धा बघत होतो. एकच टिक. मंगळवारीही तेच. बुधवारी दुपारी, मुलगा राजूरला उतरला असावा, दुसरी टिक आली.

मला तीन दिवस जड गेले. मावशींना मी वर्षभर थांबवलं होतं.

तेव्हा मंडळी, पुढच्या ट्रेकला कोकणकडा नंतर मिरवा. आधी चुलीपाशी बसा, कॅमेऱ्याचं वाय-फाय सुरू करा आणि ज्याचा फोटो त्याला देऊनच गड उतरा.