मेळघाटचं मचाण, विस्कॉन्सिनचं झाड

गुरुग्राममध्ये राहायचं म्हटलं की धनुष्यबाणापासून फार लांब पळता येत नाही. २०१६ मध्ये गुडगावचं अधिकृत नाव गुरुग्राम झालं, ते द्रोणाचार्यांच्या नावावरूनच. इथल्या खांडसा गावात एकलव्याचं छोटंसं मंदिर आहे. त्याने अंगठा इथेच कापून दिला अशी लोकांची श्रद्धा आहे. माझी लेक अकरा वर्षांची असताना आम्ही तिथे गेलो होतो. तिने नुकतीच तिरंदाजी सुरू केली होती. हात जोडून झाल्यावर ती म्हणाली, "आई, दोरी तर आम्ही तीन बोटांनी ओढतो. अंगठा लागतच नाही!"

नंतर ती रिकर्व्ह सोडून कंपाउंड धनुष्याकडे वळली आणि तिथे अंगठाच कामाला आला. कंपाउंडची दोरी बोटांनी सोडत नाहीत. हातात रिलीज नावाचं एक छोटं यंत्र असतं, त्याचं बटण बहुतेक जण अंगठ्याने दाबतात. पन्नास मीटरवर ऐंशी सेंटिमीटरचं लक्ष्य, त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम आठ सेंटिमीटरचं. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही कंपाउंडमध्ये विश्वविजेते झाले. अदिती तेव्हा अवघी सतरा वर्षांची होती. त्या आठवड्यात आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

या धनुष्याचा जन्म मात्र खेळाच्या मैदानावरचा नाही, हे मला फार उशिरा कळलं. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात होलेस विल्बर अ‍ॅलन या शिकाऱ्याने ते बनवलं. दोन्ही टोकांना चाकं असतात. दोरी पूर्ण ओढली की हातावरचं ओझं एकदम कमी होतं, म्हणजे हरीण नीट उभं राहीपर्यंत ताणलेलं धनुष्य धरून थांबता येतं. ही माहिती मला दिली ती आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी. ते वीस वर्षं विस्कॉन्सिनमध्ये आहेत आणि गेली सात-आठ वर्षं तिथे धनुष्याने हरणांची शिकार करतात.

ही गोष्ट आमच्या घरात फक्त तिघांना ठाऊक होती. परतवाड्याला राहणाऱ्या सासऱ्यांना, बाबांना, ती कोणीच सांगितली नव्हती. कारण विचारलं तर भाऊजी म्हणायचे, "वहिनी, बाबांना नाही आवडायचं." का, ते त्यांनाही नीट सांगता येत नसे.

लेकीची दहावीची परीक्षा संपली आणि एका व्हिडिओ कॉलवर भाऊजींनी तिला निमंत्रण दिलं. "डिसेंबरच्या सुट्टीत ये. माझ्यासोबत झाडावर बस. बाण मी मारीन, तू फक्त बघ."

फोन ठेवल्यावर घरात जी वादावादी झाली ती मी जशीच्या तशी लिहीत नाही. मी म्हटलं, हे मला पटत नाही. लेक म्हणाली, "रविवारी ॲपवरून मटण येतं. तो बोकड आपल्यासाठी कोणी मारला, कसा मारला, तू कधी विचारलंस? काका निदान स्वतः मारतो आणि मारलेलं खातो." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवरा उठून गॅलरीत गेला. अशा वेळी त्याला कुंड्यांना पाणी घालायचं हमखास आठवतं.

आपल्याकडे हा प्रश्नच येत नाही, कारण कायदा स्पष्ट आहे. वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे उरलेसुरले परवानेही संपले. बंदूक असो, फास असो की बाण, कायद्याला सगळं सारखंच. अमेरिकेची वाट वेगळी. तिथे १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळतो. तिरंदाजीच्या साहित्यावर तसाच कर लावणारा कायदा झाला तो १९७२ मध्येच. एकाच वर्षी एका देशाने धनुष्य खाली ठेवायला सांगितलं आणि दुसऱ्याने त्यावर कर लावून जंगल राखायचं ठरवलं. भाऊजी हा हिशेब मोठ्या अभिमानाने सांगतात. हिशेब खरा आहे, पण त्याने माझ्या पोटातला गोळा जात नाही, हेही तितकंच खरं.

मी एक अट घातली. आधी आपल्या जंगलात मचाणावर एक रात्र काढायची, मग विस्कॉन्सिनचं बोलू.

वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्राच्या जंगलांत पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राणी मोजण्याची जुनी पद्धत आहे. उन्हाळ्यात पाणी मोजक्या ठिकाणी उरतं, चांदणं लख्ख असतं, त्यामुळे येणारं जनावर दिसतं. वाघांची शास्त्रीय गणना आता कॅमेरा ट्रॅपवर चालते, त्यामुळे या रात्रीच्या आकड्यांना तेवढं वजन राहिलेलं नाही. मेळघाटात वनविभाग सामान्य माणसांनाही या रात्री बसू देतो, त्याला 'निसर्गानुभव' म्हणतात. आम्हा दोघींना नोंदणी मिळाली. परतवाडा मेळघाटच्या पायथ्याशीच असल्याने आदल्या दिवशी बाबांकडे मुक्काम केला.

बाबांनी सूचना केल्या. सुवासिक साबण लावू नका. केसांना तेल नको. खाण्याचं कागदात नको, फडक्यात बांधा, कागद वाजतो. खोकला आला तर ओढणी तोंडात दाबा आणि मान खाली घाला. वर चढलात की बसायची जागा एकदाच ठरवा, मग हलू नका. वनविभागाने पाठवलेल्या पत्रकात यातलं निम्मंही नव्हतं. बाबा आयुष्यभर शाळेत गणित शिकवत होते. त्यांना हे कुठून ठाऊक, असं मनात आलं. पण त्यांनी पुढे काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मचाण जमिनीपासून साधारण पंधरा फुटांवर होतं. समोर वनविभागाने बांधलेला पाणवठा, भोवती पानं गळलेला साग. सोबत कोरकू गाइड. तो हिंदी, मराठी आणि खुणा या तिन्ही भाषांत बोलायचा आणि रात्र चढत गेली तसा खुणांवरच आला. बायकांसाठी एक व्यावहारिक गोष्ट सांगते, कारण ती कोणी सांगत नाही: दुपारी चारनंतर पाणी घोटघोट प्या. एकदा अंधार पडला की सकाळपर्यंत खाली उतरता येत नाही.

संध्याकाळपर्यंत वानरं आणि मोर. मग रानकोंबडा. उजेड गेला तसा रातवा ओरडायला लागला, दगडावर दगड आपटावा तसा एकसुरी. नऊच्या सुमाराला रानडुकरांचा कळप आला, चिखलात लोळला, भांडला, निघून गेला. पावणेबाराला अस्वल आलं. ते इतक्या आवाजात पाणी पीत होतं की मला भीती वाटायच्या ऐवजी हसू आलं आणि बाबांनी सांगितलेली ओढणी कामी आली.

सव्वादोनला सांबराची मादी आली. आली म्हणजे काय, तर सागाच्या सावलीत काहीतरी उभं आहे असं गाइडने खुणेने दाखवलं आणि मला पाच मिनिटं काहीच दिसलं नाही. मग एक कान हलला. ती तिथेच वीसेक मिनिटं उभी होती. एक पाय उचलायचा, थांबायचं, ठेवायचा. तिच्या मागे पाडस होतं. ती चांदण्यात पूर्ण बाहेर आली, पाण्याला तोंड लावलं. माझ्या कानाशी लेक पुटपुटली, "बावीस मीटर."

मी तिच्याकडे पाहिलं. डावा हात मांडीवरच होता, पण मूठ अर्धी वळलेली. उजव्या हाताचा अंगठा हळूच, एकदाच, खाली दाबला गेला. तिचा चेहरा मैदानावर असतो तसाच होता, शांत आणि थोडा लांब गेलेला. त्या क्षणी मला लेकीची भीती वाटली, हे लिहायला संकोच वाटतोय, पण वाटली.

मग वारा फिरला. मानेवर गार लागलं एवढंच मला कळलं. सांबराने मान वर केली, पुढचा पाय आपटला आणि भोंग्यासारखा एकच आवाज काढला. पुढच्या क्षणी पाणवठ्यावर फक्त पाण्याच्या वलया होत्या. गाइडने नाक बोटाने दाखवलं, मग आम्हा दोघींकडे. साबण न लावताही आमचा वास पंधरा फुटांवरून खाली गेला होता.

सकाळी कागदावर आकडे लिहिले. वाघ शून्य, बिबट्या शून्य. शेजारच्या मचाणावरचे लोक हळहळत होते. परतीच्या गाडीत लेक फक्त एवढंच म्हणाली, "आई, ती पाणी पीत असताना मी सोडलाच नसता. पाडस आडवं येत होतं." म्हणजे पाडस नसतं तर, हा प्रश्न मी गिळला.

डिसेंबरात ती गेली.

तिथली पद्धत तिने मला फोनवर बारकाईने सांगितली. १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला विस्कॉन्सिनमध्ये शिकारीचा परवाना हवा तर सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला लागतो. झाडाला टेकवलेली शिडी, वर दोघांना पुरेल अशी लोखंडी बैठक, आणि कमरेपासून खोडाला बांधलेला पट्टा, कारण शिकारी जखमी होतात ते बहुधा झाडावरून पडून. बाहेर उणे बारा अंश. मेळघाटात आम्ही घामाने भिजलो होतो, इथे पापण्यांवर दव गोठत होतं. बाकी सगळं तेच, ती म्हणाली. हलायचं नाही, बोलायचं नाही, वारा बघायचा. तीन संध्याकाळी काहीच आलं नाही. एकदा नर हरीण आलं, पण तिरकं उभं राहिलं म्हणून काकाने धनुष्य ताणून परत सैल केलं.

चौथ्या संध्याकाळी मादी आली. एकटी होती, आडवी उभी राहिली. भाऊजींनी बाण सोडला.

त्यानंतरचं सांगताना लेकीचा आवाज बदलला. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो, हे तिला वाचून ठाऊक होतं. पण बाण लागल्यावर हरीण पळतं आणि आपण लगेच खाली उतरायचं नसतं. अर्धा तास तिथेच बसायचं. घाईने मागे गेलं तर घायाळ जनावर उठून आणखी लांब जातं आणि मग सापडत नाही. तो अर्धा तास काका एक शब्द बोलला नाही. मग बॅटरीच्या उजेडात बर्फावरचे लाल थेंब बघत ते चालत गेले. हरीण सापडलं. काकाने हातमोजा काढून त्याच्या मानेवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत शिकारीची नोंद सरकारकडे करावी लागते, ती तिने स्वतः फोनवर केली. मांस तिने खाल्लं का, असं मी विचारलं. "खाल्लं," ती म्हणाली. "सगळं संपवलं. टाकवलंच नसतं."

फेब्रुवारीत बाबा गुरुग्रामला आले. एका सकाळी त्यांना आम्ही सुलतानपूरला घेऊन गेलो. दिल्लीपासून इतक्या जवळ हे तळं आणि हिवाळ्यात त्यावर परदेशातून आलेली बदकं, बाबा खूश होते. १९९१ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०२१ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, हे त्यांनी फलकावरून वाचून आम्हाला ऐकवलं. गुडघे दुखत असूनही ते निरीक्षण मनोऱ्यावर चढले. खाली नीलगाई चरत होत्या. "आपल्याकडचे रोही," बाबा म्हणाले.

तिथे, कोणी काही न विचारता, लेकीने आजोबांना सगळं सांगितलं. काकाचं, झाडाचं, बर्फाचं. मी आणि नवरा कठड्याला धरून उभे होतो.

बाबांनी एकच प्रश्न विचारला. "लगेच मेली?"

"नाही आजोबा. साठ पावलं गेली."

"मिळाली ना पण?"

"मिळाली."

बराच वेळ बाबा तळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं. १९६४ साल, ते चौदा वर्षांचे. त्यांचे मामा परवाना काढून शिकार करायचे, तेव्हा ते रीतसर होतं. मामांनी भाच्याला मचाणावर सोबत नेलं. सांबराला गोळी लागली ती पोटात. जनावर झाडीत शिरलं आणि रात्री मागे जाणं धोक्याचं म्हणून दोघं मचाणावरच बसून राहिले. "आवाज येत होता," बाबा म्हणाले. "पहाटेपर्यंत." उजाडल्यावर ते नाल्यात सापडलं, जिवंत. मामांनी दुसरी गोळी घातली. त्यानंतर बाबा मामांच्या घरी जेवायला गेले, पण जंगलात कधी गेले नाहीत. साठ वर्षं परतवाड्यात काढून मेळघाट त्यांनी रस्त्यावरूनच पाहिला.

लेकीने त्यांचा हात धरला नाही, रडली नाही. तिने विचारलं, "किती अंतरावरून मारली होती?" मला वाटलं बाबा चिडतील. त्यांनी डोळे मिटून आठवलं आणि गणिताच्या मास्तरांनी सांगावं तसं सांगितलं, "सत्तर पावलं असतील. चांदणं नव्हतं. मारायला नको होती." मग आजोबा आणि नात बराच वेळ अंतर, उजेड आणि वारा यांवर बोलत बसले. नवरा मनोऱ्यावरून उतरून कॅमेऱ्याशी चाळा करायला लागला.

पुढच्या वेळी सुरक्षेचा अभ्यासक्रम करून स्वतः धनुष्य घेऊन बसायचं, असं लेकीच्या मनात आहे. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. मुलीच्या हातात जे कसब आहे ते मूळचं कशासाठी होतं, हे आता तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, एवढं मला मान्य आहे.

त्या रात्री जेवण झाल्यावर बाबांनी धाकट्या मुलाला फोन लावून मागितला. गॅलरीत गेले, दार लोटून घेतलं. पाऊण तास बोलत होते. काय बोलले ते कोणी आम्हाला सांगितलं नाही. सकाळी चहा घेताना बाबा एवढंच म्हणाले, "अर्धा तास थांबतो म्हणाला. प्रत्येक वेळी थांबतो."